रक्त बसलं

आमच्या तांबट आळीत दवाखान्यात राहून परत आलेली बाई म्हणजे मी एकटीच. त्यामुळे कुणाच्या घरी ताप चढला की आधी मला बोलावणं येतं. तिथे खाट मिळते का, भांडी आपली न्यायची का, पाणी कुणाच्या हातचं प्यावं लागतं, सुई टोचतात ती फार दुखते का, अशा चौकशा होतात. मी सगळं सांगते. सांगताना जरा मिरवतेसुद्धा; चौथी शिकलेल्या बाईला मिरवायला आणखी काय मिळणार? पण एक गोष्ट मी तोंडाने कुणाला सांगत नाही, आणि खरं पाहता तीच सांगण्यासारखी आहे. म्हणून ती लिहून काढते आहे. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून एवढं धाडस.

दवाखान्यात आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि आमचे हे. परत मी एकटी आले. ताप दोघांना एकच होता, खाटा सारख्या होत्या, डॉक्टरही एकच. फरक पडला तो एका शब्दाने.

*

त्या साली नाशकात थंडी फार पडली होती. लग्नांची कामं दुकानात येऊन पडली होती, हंडे, घंगाळं, तांबे. हे सकाळपासून ऐरणीवर बसून भांडी मठारायचे, म्हणजे हातोडीचे बारीक बारीक ठोके मारून तांब्याला अंगभर चकाकी आणायचे. आमच्या आळीत प्रत्येकाचा ठोका वेगळा. ह्यांचा ठोका म्हणजे दोन जलद, मग जरा दम, मग पुन्हा दोन. नवी नवरी असताना त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. पुढे पुढे तो थांबला की उठायचं.

एका सकाळी तो थांबला. मी बाहेर येऊन पाहिलं, तर हातोडी खाली पडली होती आणि हे भिंतीला टेकून बसले होते. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"काही नाही गं, थंडी बाधली," हे म्हणाले आणि तिथेच आडवे झाले.

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या, मुलाकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "परत आली का गं ती?"

"कोण ती, आत्याबाई?"

"ती."

मग मला समजलं. माझे सासरे मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले. तेव्हा हे लहान होते. सासरेही असेच कामावरून उठून आत आले, पडले आणि मान टाकली. त्यानंतर सासूबाईंनी लोकांची भांडी घासून मुलाला वाढवलं, धंदा शिकायला दुसऱ्याच्या दुकानात ठेवलं आणि सासऱ्यांची बंद पडलेली ऐरण पुन्हा त्याच्याकडून सुरू करवली. एवढ्या वर्षांत त्या साथीचं नाव त्यांनी घरात काढू दिलं नव्हतं.

वैद्यांचा काढा झाला, छाती शेकून झाली. ताप हटेना. त्यात मीही पडले. आळीतल्या बायका दारातूनच विचारपूस करून जायला लागल्या. दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाल्या, तिथे गेलेलं माणूस आडवंच परत येतं. सासूबाईंनी त्यांना सरळ सांगितलं, "नवऱ्याला घरात ठेवला नि घालवून बसले. पोराला नाय ठेवणार. सुनेलाबी नाय." आणि त्या स्वतः जाऊन टांगा घेऊन आल्या.

हे मी मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं त्यात त्यांचं अडाणीपण दिसेल, म्हणून आधी त्यांची हिंमत दिसू दे.

*

दवाखाना गावाबाहेर होता. डॉक्टर तरुण, मुंबईला शिकून आलेले, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. त्यांनी आम्हा दोघांच्या छातीला नळी लावली, जिभा पाहिल्या आणि म्हणाले, "इन्फ्लुएंझा."

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी मानमोडीच ना?"

दुसरा कुणी असता तर नाही म्हणून वेळ मारून नेली असती. डॉक्टर म्हणाले, "आजी, घराणं तेच. पण ही त्यातली धाकटी. तेवढी कजाग नाही."

सासूबाई त्याही वेळी हसल्या. त्या क्षणापासून डॉक्टर म्हणतील ती त्यांना पूर्व दिशा झाली.

ह्या तापाचा जंतू भिंगातूनही दिसत नाही, त्याच्यावर औषध नाही, पडून राहणं हेच औषध, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची एक खोड होती. सगळं मराठीत बोलायचं. तिथले जुने डॉक्टर अर्धं इंग्रजीत बोलत आणि आम्ही माना डोलवत असू. हे तरुण डॉक्टर मात्र प्रत्येक गोष्टीला आपला शब्द शोधायचे. शब्द सापडला नाही की चष्मा काढून पुसत उभे राहायचे, पण इंग्रजी शब्द टाकायचे नाहीत. "ज्याचं दुखतं त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे," असं म्हणायचे. मला ते फार आवडायचं. अजूनही त्यांच्याबद्दल मनात वाईट येत नाही.

*

बायकांचा विभाग एकीकडे, पुरुषांचा मधलं आवार ओलांडून पलीकडे. लग्न झाल्यापासून आम्ही एकमेकांपासून इतके दूर कधी झोपलो नव्हतो. मला ह्यांची खोकल्याची उबळ ऐकू यायची. इतक्या खोकणाऱ्यांत आपला माणूस ओळखू येतो हे मला तिथे कळलं.

आमचं टपाल म्हणजे सासूबाई. सकाळी त्या पेज घेऊन यायच्या, आधी तिकडे, मग इकडे. ह्यांचा निरोप यायचा, "तिला सांग, डोक्यात सगळी तांबट आळी ठोकते आहे." मी उलट निरोप धाडायची, "म्हणावं, आता कळलं मला कसं वाटत होतं ते." सासूबाई दोन्ही निरोप शब्दन् शब्द पोचवायच्या आणि वर म्हणायच्या, "मरायला टेकलेत नि चेष्टा सुचते."

माझ्या शेजारच्या खाटेवर हमीदाबी होत्या, येवल्याच्या. त्यांचं घर पैठणी विणणाऱ्यांचं. नाशकात लेकीच्या बाळंतपणाला आल्या आणि तापाने गाठलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी आपापलं पाणी उशापाशी घट्ट धरून बसलो. मग मला रात्रंदिवस उलट्या सुरू झाल्या, तेव्हा माझं डोकं धरायला तीच बाई उठली. त्यानंतर कुणाचं पाणी कुठलं ते आम्ही बघितलं नाही. सासूबाईंनी हे पाहिलं होतं. घरी असत्या तर आकाशपाताळ एक केलं असतं. तिथे त्यांनी फक्त पेजेची वाटी दोन जणींना पुरेल इतकी मोठी आणायला सुरुवात केली.

भीती कशी असते ते मी लोकांना सांगू शकत नाही. सकाळी जागं झालं की आधी समोरच्या रांगेकडे नजर जायची. एखादी गादी गुंडाळून ठेवलेली दिसायची. दुपारपर्यंत त्या खाटेवर दुसरी बाई आलेली असायची आणि तिचे घरचे आम्हाला विचारायचे, "इथं बरं वाटतं ना हो माणसाला?" आम्ही हो म्हणायचो.

*

मग आमचा दोघांचाही ताप उतरला, एका दिवसाच्या मागेपुढे. मला भूक लागली. ह्यांचा निरोप आला, "भाकरी आणि ठेचा कधी मिळणार ते विचार."

डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नाही. आत सूज राहते. ती बाहेरून दिसत नाही, रक्तात दिसते." त्यांनी मुंबईहून बारीक काचेच्या नळ्या आणि त्या उभ्या ठेवायला एक लाकडी घोडी आणली होती. दंडातून रक्त काढायचं, त्यात ते गोठू नये म्हणून औषध मिसळायचं आणि नळीत भरून उभं ठेवायचं. थोड्या वेळाने रक्तातला लाल भाग खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. तो किती लवकर बसतो त्यावरून आतलं कळतं. हे सगळं त्यांनी आम्हाला नीट समजावलं. मी तर हमीदाबींना पुन्हा समजावून सांगितलं, मोठ्या शहाणपणाने. लवकर बसलं तर काय आणि उशिरा बसलं तर काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही.

रक्त काढलं त्या संध्याकाळी सासूबाई ओसरीत बसल्या होत्या. डॉक्टर घाईत होते, कळवणकडे साथ जोरात असल्याने पहाटे त्यांना तिकडे निघायचं होतं. तरी ते थांबले आणि म्हणाले, "आजी, मुलाचं रक्त फार लवकर बसतंय. सुनेचं सावकाश बसतंय. काय करायचं ते लक्षात आलं ना? मुलाला जपा."

सासूबाई म्हणाल्या, "आलं की लक्षात."

मला हे सगळं त्यांनी आत येऊन जसंच्या तसं सांगितलं. निरोप शब्दन् शब्द सांगायची त्यांची सवयच होती. सांगता सांगता त्या रडायला लागल्या. "त्याचं रगत बसलं गं. तुझं बसंना. सावकाश बसतंय म्हणाले."

मला ते ऐकून आश्चर्य वाटलं नाही. सूज बसली की माणूस बरं होतं, गळू बसलं की बरं होतं. उसळलेलं सगळं बसावं हेच आपण मागत असतो. ह्यांचं रक्त बसलं म्हणजे हे सुटले. मुलाला जपा म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाला घरी जपतात तसं, असं आम्ही धरलं. माझं बसत नाही, म्हणजे मी सुटत नाही. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही, आणि खोलीत कुणालाच सुचला नाही.

डॉक्टरांनी इंग्रजी शब्द टाकला असता तर आम्ही अर्थ विचारला असता.

*

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ह्यांना घरी न्यायचं ठरवलं. परिचारिकेने विचारलं, तर म्हणाल्या, "डाक्तरनीच सांगितलं, रगत बसलं त्याचं." बाहेर ओसरीत माणसं खाटेची वाट बघत पडली होती. तिने अंगात ताप नाही एवढं पाहिलं आणि सोडलं.

निघताना हे मला भेटायला आले. पुरुषांना आत यायची मुभा नव्हती, म्हणून दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पण डोळ्यांत तोच खट्याळपणा.

"माझं बसलं," हे म्हणाले. "तुझं उभंच आहे म्हणे. जन्मात कधी कुणाचं ऐकलंस? रक्तही तसलंच निघालं."

मी म्हटलं, "दमानं घ्या घरी गेल्यावर."

"दमानंच घेणार. घंगाळं तेवढी पुरी करतो. लोकांची लग्नं थांबतील का माझ्यासाठी?" आणि मग आवाज खाली आणून, "लवकर बसव गं तुझं. घर खायला उठेल."

मी पदर तोंडात धरून रडले. ते मी मरणार म्हणून. हे जाताना एकदा मागे वळले, आणि मला वाटलं, हे मला शेवटचं बघून घेत आहेत.

*

त्यानंतरचे दिवस मी मरणाची तयारी करण्यात घालवले. आज ह्याचं हसू येतं, म्हणजे हसू येण्यासारखं आहे, येत नाही. माझं हिरवं लुगडं कुणाला द्यायचं, तुळशीला पाणी कोण घालणार, हे दुसरं लग्न करतील तर बाई कशी असावी, इथवर माझी मजल गेली. शेजारच्या आळीतली एक मुलगी मी मनात पसंतसुद्धा करून टाकली होती.

सासूबाई मात्र मऊ झाल्या. आमचं दोघींचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य. आता त्या माझे पाय चेपायच्या. तुपातला शिरा आणायच्या. घरून अनवाणी पंचवटीत जाऊन, देवाला नारळ कबूल करून, तशाच अनवाणी माझ्याकडे यायच्या. "माझा पोरगा वाचवला तसा हिलाबी वाचव म्हणून सांगितलंय देवाला," म्हणायच्या. मी विचारायची, "हे कसे आहेत?" त्या म्हणायच्या, "ब्येस हाय. जरा धाप लागते, अशक्तपणा हाय ना. पण लागला कामाला. ठोका ऐकून बरं वाटतं बघ घरात."

सगळी माया माझ्याकडे वाहत होती आणि जपायचं माणूस ऐरणीवर बसलं होतं.

फक्त हमीदाबींना शंका आली. मी शिऱ्याची वाटी चाटूनपुसून साफ केली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "वेणूबाई, बुरा नको मानू. पण मरणाऱ्या बाईला इतकी भूक नाय लागत."

"पण रक्त बसत नाही ना माझं," मी म्हटलं.

"मला नाय कळत ते. तुझ्या तोंडावर रोज लाली चढते ते मला दिसते. दिल छोटा नको करू. डॉक्टर आला की पूछ त्याला."

*

डॉक्टर कळवणहून परत आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. रांगेने तपासत माझ्यापाशी आले आणि थबकले.

"तुम्ही अजून इथेच?"

"मग कुठे जाऊ?"

"घरी! तुमचं रक्त अगदी सावकाश बसतंय. सासूबाईंना सांगून गेलो होतो मी."

"सावकाश बसतंय म्हणूनच तर राहिले."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. ते हसले. मग त्यांनी विचारलं, "आणि यजमान? त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस दिसला. खाट बदलली का?"

"ते घरी गेले," मी म्हटलं. "त्यांचं बसलं ना लवकर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पण पुसला नाही, तसाच हातात धरून उभे राहिले. "वेणूबाई," ते म्हणाले, "लवकर बसणं वाईट. आत जितकी सूज जास्त, तितकं रक्त लवकर बसतं. तुमचं सावकाश बसतंय, तुम्ही बऱ्या झालात. त्यांना मी अजून उठूही देणार नव्हतो."

मला समजायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं समजलं होतं, पण ते आत उतरत नव्हतं.

"काम काय करतात ते?"

"तांबट आहेत. भांडी मठारतात."

"दिवसभर हातोडी?"

मी मान हलवली. हमीदाबींनी माझं लुगडं आणि वहाणा खाटेखालून काढून माझ्या हातात दिल्या.

*

टांग्यात बसले तेव्हा माझ्या डोक्यात तो शब्द फिरत होता. सूज बसते, जम बसतो, विश्वास बसतो. आणि घसाही बसतो. धंदा बसतो. पावसात घर बसतं. आम्ही पहिल्या रांगेतला शब्द उचलला आणि तो होता दुसऱ्या रांगेतला. सासूबाईंचं काय चुकलं? त्यांनी डॉक्टरांचा एकही शब्द बदलला नव्हता. डॉक्टरांचं तरी काय चुकलं? त्यांनी आमच्याशी आमच्या भाषेत बोलायचा हट्ट धरला होता. ज्यांच्या घरी कुणी आजारी असेल त्यांना मी एवढंच सांगते, न कळलेला शब्द आपण विचारतोच. ओळखीचा वाटला तो आधी विचारा.

आळीच्या तोंडाशी आले आणि ठोका ऐकू आला. दोन जलद, मग दम, मग पुन्हा दोन. हे आहेत! मला इतका आनंद झाला की टांगा थांबायच्या आत मी उतरले. मग लक्षात आलं की मधला दम फार लांब झाला आहे. दोन ठोक्यांनंतर मी वाट बघत होते आणि पुढचे दोन येतच नव्हते.

हे ऐरणीपाशी घामाघूम होऊन बसले होते. ओठ जांभळे पडलेले. मला पाहून हातोडी खाली ठेवली.

"बसलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टरांना तुम्हाला पुन्हा बघायचंय," मी म्हटलं. "चला."

सासूबाई आतून आल्या. मला घरी आलेली पाहून त्यांनी आधी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकायची घाई केली. मग टांगा ह्यांच्यासाठी आहे हे ऐकून गोंधळल्या. "त्याला कशाला? त्याचं तर बसलंय."

"एकदा बघून घेतो म्हणाले."

त्या घराला कुलूप लावायला मागे राहिल्या. मी ह्यांना धरून टांग्यात चढवलं. चढताना ह्यांना दोनदा थांबावं लागलं. बसल्यावर हे बराच वेळ श्वास घेत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "उलटं असतं का ते?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. जिना चढवेना तेव्हाच वाटलं." मग दारात कुलपाशी झटापट करणाऱ्या सासूबाईंकडे पाहून म्हणाले, "आईला कळू देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला. ती बाबांनंतर एकदा उठली. आता नाही उठायची."

*

डॉक्टरांनी ह्यांना सपाट निजवलं. उशी काढली, कूस बदलायची मनाई केली. काळजाला सूज आहे म्हणाले. मला आत राहू दिलं. पुरुषांच्या विभागात बाईचा मुक्काम नको असं कुणी म्हटलं नाही, आणि त्यावरून मला काय ते कळलं.

पुन्हा रक्त काढलं. मी म्हटलं, "मला बघायचंय." डॉक्टर नको म्हणाले, मग त्यांनी वाट सोडली. लाकडी घोडीत नळी उभी केली. वरपासून खालपर्यंत लाल. मी तिच्यासमोर उभी राहिले. बघता बघता वरच्या टोकाला पिवळसर पाणी मोकळं झालं आणि लाल रंग खाली सरकायला लागला. चुलीवरचं दूध उतू जाताना आपण बघतो, तसा तो डोळ्यांदेखत सरकत होता, आणि त्याला फुंकर घालून थांबवता येत नव्हतं. मनात म्हणत होते, नको बसू. जरा दमानं. डॉक्टर माझ्याशेजारी उभे होते. त्या दिवशी त्यांनाही कुठल्या भाषेत शब्द सापडला नसावा.

हे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि शेवटपर्यंत चेष्टा करत होते, एवढंच लिहिते. बाकीचं माझ्यापाशी राहू दे. आळीतल्या बायका आजही म्हणतात, मानमोडीने बापाला नेलं आणि मुलालाही नेलं. सासूबाईही तेच म्हणतात. मी त्यांना तेच म्हणू देते.

पण नळी पाहून मी बाहेर आले तो दिवस मला पुसून टाकता येत नाही. सासूबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. पुन्हा पंचवटीत जाऊन आल्या होत्या, पाय धुळीने भरले होते. शेजारी ह्यांचे कपडे पसरले होते आणि तांब्या ठेवला होता. मला पाहून त्या उठल्या. माझ्या तोंडाकडे बघून विचारायचा धीर होईना. मग माझा हात धरून म्हणाल्या, "बसलं का गं?"

मी म्हटलं, "बसलं, आत्याबाई."

"लवकर?"

"लवकर."

त्यांनी डोळे मिटले आणि नदीच्या दिशेला हात जोडले. बराच वेळ जोडून ठेवले. मग पदराने तोंड पुसलं, खाली बसल्या आणि ह्यांचे कपडे घडी करून गाठोड्यात बांधायला लागल्या.

"म्हंजी आता घरी न्यायचं," त्या म्हणाल्या.